कमरेपासून अंगठ्यापर्यंत

गारखेड्यातल्या त्या अपार्टमेंटमधले लोक मुंजाबाला माजी सैनिक समजत. गेट उघडायला तो उठला की गुडघा पोटापर्यंत वर न्यायचा, मग पाऊल पुढं टाकून पंजा फटकन जमिनीवर आपटायचा, आणि मग दुसरा गुडघा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा कौतुकानं विचारलं होतं, कुठल्या पलटणीत होता म्हणून. “मेंढरांच्या,” मुंजाबा म्हणाला. सेक्रेटरी हसले आणि फौजी माणसाला विनोदबुद्धी असते असं त्यांनी बायकोला सांगितलं. खरी गोष्ट एवढीच होती की मुंजाबाचा पंजा घोट्यातून वर उचलला जात नसे. गुडघा तेवढा वर नेला नाही तर बोटं फरशीला अडकून तो तोंडावर पडला असता, आणि तोंडावर पडणारा वॉचमन कोण ठेवणार?

नोकरी त्याला मानवली होती. तिचा मुख्य भाग बसण्याचा होता. जिन्याखालच्या खोलीत तो, बायको राजाबाई आणि मुलगी कौसा असे तिघं राहत. राजाबाई चार फ्लॅटांची धुणीभांडी करी. बारावी झालेली कौसा उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात बसे. दुपारी ऊन गेटवर आलं की मुंजाबा खुर्ची सरकवून सावलीत नेई, आणि तेवढ्यानंही त्याला दिवस संपल्यासारखं वाटे.

पाचोडजवळच्या वस्तीवर त्याच्या घराला ‘बगळ्याचं घर’ म्हणत. बाप सोनाजी असाच चालायचा, आजाही असाच. मांडी भरलेली, गुडघ्याखाली मात्र पाय काठीसारखा वाळलेला, तळव्याला पुलासारखी कमान, बोटं आत मुडपलेली. विशीपर्यंत सगळं ठीक असे. मग एक दिवस पायातली चप्पल गळून पडे आणि गळाल्याचं पायाला कळत नसे, मागून येणारा माणूस सांगे, “पाव्हणं, तुमची वहाण ऱ्हायली.” मेंढरामागं दिवसभर चालणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या घरात हे दुखणं येणं म्हणजे गवयाच्या घरात बहिरेपण येण्यासारखं होतं.

घरानं त्याचं कारण ठरवून टाकलं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीनं आजा कळप घेऊन पळाला, तो वहाणा न काढता बिरोबाच्या माळावरून गेला, म्हणून देवानं पाय मागून घेतले. आज्याच्या बापाचे पायसुद्धा असेच होते असं वस्तीवरची एक म्हातारी सांगायची, पण त्यानं गोष्टीची मांडणी बिघडत असल्यामुळं तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. दर पिढीनं बिरोबाला मेंढा दिला. देवानं मेंढे घेतले, पाय काही परत केले नाहीत.

मुंजाबाचा यावर विश्वास नव्हता. त्याची स्वतःची वेगळी उपपत्ती होती आणि ती त्यानं कळपामागं चालून, म्हणजे पुढंपुढं पडून, मिळवली होती. कळपात मेंढा दोन-तीन सालांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हे धनगराचं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. ठेवला तर तो स्वतःच्याच पिल्लांवर जातो आणि कोकरं लुळी निपजतात. आता मुंजाबाची आई ही बापाची मामेबहीण. राजाबाई ही मुंजाबाची मामेबहीण. आजी कुठली होती हे विचारायचं काही कारणच उरत नव्हतं. दोनच घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना पोरी देत आली होती. मेंढरांच्या बाबतीत जी चूक कुणी शहाणा करणार नाही, ती आपण माणसांत मांडव घालून, वाजतगाजत करतो, असा मुंजाबाचा निष्कर्ष होता. त्याला तो पटला होता. मेंढरं विकावी लागली, शहरात येऊन खुर्चीवर बसावं लागलं, पण निदान कारण तरी आपल्याला सापडलं, याचं त्याला थोडं समाधान होतं. दुसरं कसलं समाधान हाताशी नव्हतं.

अडचण अशी झाली की हे समाधान त्यानं चारचौघांत वापरलं.

मोठी बहीण बानाबाई पाचोडलाच दिलेली. भावकीतल्या एका बारशाला सगळी जमली होती. पंगती उठत होत्या आणि बानाबाईचा मुलगा रामकिसन बुंदी वाढत होता. रामकिसन दुधाचा टेम्पो चालवायचा. तब्येतीनं दांडगा, स्वभावानं हसरा. बानाबाईनं पदर खोचला आणि विषय काढला.

“काय रे मुंज्या, कौसा उजवायला आली. मामाची पोर म्हणून मपला रामकिसन कवाचा वाट पाहून ऱ्हायला. कुंकू कधी लावायचं?”

मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. विचारणं ही फक्त रीत होती. मुंजाबानं पत्रावळीवरून हात उचलला.

“आक्का, कळपात मेंढा किती साल ठेवावा?”

“ह्ये मला इचारतो व्हय? दोन साल. लई झालं तर तीन.”

“कामून?”

“पोटच्या पिल्लांवर जातो म्हणून. कोकरं लुळी व्हत्यात.”

“मंग? आपल्या घरात चार पिढ्या त्योच मेंढा फिरतोय. माझ्या पायाकडं बघ. आता मला मेंढा बदलायचाय.”

कुणीतरी खिक्‌ करून हसलं. रामकिसन बुंदीचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. बानाबाईला वाक्य पोचायला थोडा वेळ लागला.

“मपल्या पोराला मेंढा म्हणला तू? चार माणसांत?”

“त्याला नाय आक्का. मी मेंढ्याला मेंढा म्हणलो.”

ही दुरुस्ती कुणाला उपयोगी पडली नाही. बानाबाईनं हातातलं पाणी खाली ओतलं. “बरं. मंग ह्या मेंढीनं बी आता तुझ्या दारात येऊ नये.”

ती आली नाही. त्या दिवाळीला मुंजाबाच्या कपाळाला कुणी टिळा लावला नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही.

मुंजाबानं मेंढा बदलायचं काम मात्र तडीस नेलं. गंगापूरकडचं एक स्थळ आलं. आपलीच जात, पण नात्यागोत्याचा दुरूनही संबंध नाही. मुलगा साखर कारखान्यात कायम, बाप कडूबा थोड्या शेतीचा आणि फार मोठ्या आवाजाचा. पाहण्याचा कार्यक्रम अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये झाला. खुर्च्या वरच्या फ्लॅटवाल्यांनी दिल्या. पाहुणे यायच्या बऱ्याच आधी मुंजाबा खुर्चीत जाऊन बसला. पाय दिसू नयेत म्हणून राजाबाईनं त्याच्या मांडीवर घोंगडी टाकली. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं.

कडूबा आला. मुंजाबानं बसूनच हात जोडले.

“सोयरे बसूनच रामराम घेत्यात व्हय?” कडूबा म्हणाला.

“कंबर धरली त्यांची,” राजाबाई म्हणाली.

“लई ताठ धरली,” कडूबा म्हणाला आणि घोंगडीकडं बघत बसला.

पोहे झाले, नावगाव विचारून झालं. मग कडूबाच्या बायकोनं नेहमीचं सांगितलं, “पोरी, जरा चालून दाखव बरं. त्या स्कूटरपस्तोर जा अन्‌ ये.” हे सगळ्याच मुलींना सांगतात. एरवी त्यात काही नसतं. मुंजाबाचं सगळं लक्ष कौसाच्या टाचांवर होतं. आधी टाच टेकली, मग पंजा. पुन्हा आधी टाच. स्कूटरपाशी वळतानाही ती डगमगली नाही. त्यानं श्वास सोडला.

परत येऊन कौसा म्हणाली, “आता तुमचा मुलगा चालून दाखवंल का?”

मग तो मुलगा खरोखर उठला, स्कूटरपर्यंत गेला आणि लाजत परत आला. कडूबा मोठ्यानं हसला. “तिखट हाय. चालंल.” त्याच बैठकीत सुपारी फुटली. पाहुण्यांची जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मुंजाबा घोंगडीखाली घामानं निथळत बसला होता.

लग्नाची तिथी काढायची होती तेवढ्यात त्याचा हात बिघडला. गेटच्या कुलपात किल्ली जाई, पण फिरवायला अंगठ्यात जोर नसे. शर्टाची बटणं राजाबाई लावून देऊ लागली. माजी सैनिकाला कुलूप उघडता येत नाही हे सेक्रेटरींना विचित्र वाटलं, आणि त्यांनीच चिठ्ठी देऊन त्याला शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात पाठवलं. तिथं मज्जातंतूंच्या डॉक्टर होत्या, नुसरत काझी. शहागंजात वाढलेल्या. मराठी चांगली बोलत, पण घाई झाली की त्यांची दखनी उर्दू बाहेर येई, आणि घाई नेहमीच असे.

त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला नाही. घोट्यावर मारली, तिथं तर मारल्याचं मुंजाबानं बघितलं म्हणून त्याला कळलं. मग पायाला तारा लावून करंट दिला. कानात कापसाचा बोळा घालून झोपलेल्या माणसाला हाक मारावी तसं काहीसं झालं. यंत्रानं हाक मारली, उत्तर खूप उशिरा आलं. डॉक्टरांनी त्याचं रक्त काढून बंगळुरूला पाठवलं. स्वतः मुंजाबा जालन्याच्या पुढं कधी गेला नव्हता. शिवाय घोट्यामागची बारीक नस काढून तिचा तुकडा घ्यायला त्यांनी परवानगी मागितली. “पायाची बाहेरची कड बधिर होईल मामा,” त्यांनी आधीच सांगितलं. ती कड कित्येक वर्षं बधिरच होती. मुंजाबानं नुकसान नाही असा हिशेब केला आणि होकार दिला.

पुढच्या वेळी निकाल आला होता. कौसा त्याच्याबरोबर आली होती, ती औषधाच्या रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी मुंजाबाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

“एक डोळा लावा. क्या दिसतंय?”

मुंजाबा बराच वेळ बघत राहिला. जांभळट रंगात गोल चकत्या होत्या. एकाभोवती एक, त्याभोवती आणखी एक.

“कांदा,” तो म्हणाला. “आडवा कापल्यावानी.”

“हौ! आमी बी त्याला कांदाच म्हणतो,” डॉक्टर खूश होऊन म्हणाल्या. “हे तुमचं आहे, मामा. आता नीट ऐका. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी नस म्हणजे दोरी नाही. तिच्यातला एकेक धागा एकेका पेशीचा आहे. पेशी पाठीच्या कण्यापाशी, कमरेत, आणि तिचा धागा पार अंगठ्यापर्यंत. एकच पेशी. शरीरात एवढी लांब दुसरी नाही.”

“एकटीच?”

“एकटीच. त्या धाग्यावर दुसऱ्या पेशी ओळीनं बसतात. प्रत्येक पेशी त्याच्याभोवती स्वतःला गुंडाळून घेते, फाटक्या वायरीला चिंधी गुंडाळतात तशी. गुंडाळी घट्ट असली तर निरोप पळत जातो. तुमच्या त्या पेशी एक प्रथिन बनवतात, ते जरुरीपेक्षा जास्त बनतं. का? तर आईबापाकडून आलेल्या तुमच्या गुणसूत्रांच्या पुस्तकात त्याचं एक पान दोनदा छापलंय. जास्त झालं की गुंडाळी सुटते. पेशी बिचारी परत गुंडाळते. परत सुटते. परत गुंडाळते. असं तुमच्या जन्मापासून चाललंय. त्याचा हा कांदा.”

मुंजाबानं पुन्हा डोळा लावला. आपण खुर्चीवर बसून असतो तेव्हाही आत कुणीतरी सारखं गुंडाळत आहे, सुटलेलं परत गुंडाळत आहे, हे त्याला नवीन होतं. आपल्याला एवढा शीण कशानं येतो याचा एक वेगळाच उलगडा झाल्यासारखं त्याला वाटलं.

“मंग पायच कामून? आधी डोळे नाय, कान नाय?”

“धाग्याला लागणारं सगळं सामान कमरेतून जातं. आत रूळ असतात बारीक, त्यावरून वाहून नेतात. गुंडाळी बिघडली की ती वाहतूक बी बिघडते. सगळ्यात लांब कोण? अंगठा. गाड्या कमी पडल्या की एसटीवाले आधी कुठली फेरी बंद करतात?”

“शेवटच्या वस्तीची.”

“बस. तसंच. आधी पाय. मग आता हात.”

मुंजाबाला सगळं कळलं. आता आपली बाजू सांगायची वेळ आली असं त्याला वाटलं. तो जरा सावरून बसला.

“बाई, ह्ये नात्यात लग्नं करून झालंय. मी वळखलं व्हतं. माझ्या पोरीचं मी बाहेर जमवलं. बहिणीच्या पोराला नाय म्हणलो. मेंढा बदलला.”

मेंढ्याचं काय ते डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मेंढ्यांचं तुमचं बरोबर आहे. असे पुष्कळ रोग आहेत, ज्यांत बिघाड दोन्हीकडून यावा लागतो. ते नात्यात जास्त दिसतात. पण हा वाला तसा नाही, मामा. हा एकाच बाजूनं येतो आणि तेवढं पुरतं. तुमच्या वडिलांकडून तुम्हाला आला. तुमच्याकडून प्रत्येक मुलाला येईल किंवा नाही येईल, निम्मे-निम्मे. जोडीदार नात्यातला करा नाहीतर गंगापूरचा करा, त्याला काही फरक नाही.”

“म्हंजी मेंढ्याचा काय दोष नाय?”

“मेंढा बेकसूर आहे.”

बाहेर रांगेत कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मुंजाबा स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “अन्‌ मपली बहीण? थोरली?”

“कशी चालते?”

“डोक्यावर गवताचा भारा घिऊन, अनवाणी. काटा मोडला तर मोडल्या जागी शिवी देती.”

“मग तिच्यात नसणार. आणि तिच्यात नाही तर तिच्या मुलांत बी नाही. तिथं किस्सा खतम. एकदा आणा तिला, करंट लावून खात्री करू. आणि मुलीला आजच आत पाठवा.”

“ती चांगली चालती, बाई.”

“चालणं उशिरा बिघडतं. नसांतून निरोप जायचा वेग लहानपणापासून कमी असतो.”

कौसाच्या पायांना तारा लावल्या. यंत्रानं हाक मारली. उत्तर उशिरा आलं.

ती रडली नाही. तिनं डॉक्टरांना बरंच काही विचारलं. किती वर्षं, हात कधी, मुलांचं काय, यावर औषध आहे का? औषध नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. घोट्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आहेत, बुटात बसतात, त्या वेळेवर घेतल्या तर पडणं वाचतं. पायाच्या जखमा रोज बघायच्या, कारण पाय सांगणार नाही. रिक्षात बसल्यावर कौसा म्हणाली, “कडूबामामाला सांगावं लागंल.”

“सुपारी फुटली कौसा.”

“तुम्ही त्या दिवशी खुर्चीवरून उठला नाहीत, बा. मला तिथं जाऊन जल्मभर बसून नाय ऱ्हाता येणार.”

फोन तिनंच केला. कडूबानं शांतपणे ऐकलं आणि मोठ्या आवाजाच्या माणसाला शोभणार नाही इतक्या हळू “बरं, कळवतो,” म्हणाला. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्नच करायचं नाही. महिनाभरात त्या मुलाचा विचार पुन्हा बदलला आणि त्याचं लग्न झालं, पण ती बातमी निरोप म्हणून आली नाही.

पाचोडला मात्र सगळ्या बातम्या पोचतात. एका सकाळी गेटसमोर दुधाचा टेम्पो थांबला आणि रामकिसन उतरला. बारशानंतर मामा-भाचे पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. मुंजाबा उठायला लागला.

“बसा मामा, उठू नका. आईनं सांगावा धाडलाय.” रामकिसननं पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणून टाकलं. “पोर आणून घाल म्हणावं. पायाचं काय, आपल्या सगळ्यांच्याच रक्तात ते. आपल्या घरात कोण कोणाला नावं ठेवतंय? बाहेरच्यांनी टाकली तर टाकू दे.”

“तुला राग नाय का रे मपला?”

“मेंढ्याला कसला राग, मामा.”

खोलीच्या दारात कौसा उभी होती. “मेंढा टेम्पो कवापासून चालवायला लागला?” ती म्हणाली. रामकिसन तिच्याकडं बघून हसला, चहा घेतला, कपातलं शेवटचं बशीत ओतून प्याला आणि निघून गेला. टेम्पो गेल्यावरही कौसा दारातच उभी होती, आणि राजाबाईनं दोनदा हाक मारल्यावर आत गेली. दुकानात जाताना तिनं ठेवणीतला ड्रेस घातला.

आता अडचण काय होती ते फक्त मुंजाबाला दिसत होतं. डॉक्टरांनी बहिणीबद्दल सांगितलं तेव्हा कौसा रांगेत होती. बानाबाई समजत होती की दोन्ही घरं सारखीच डागाळलेली आहेत, आणि त्या समजुतीवरच तिनं हात पुढं केला होता. तिचं घर स्वच्छ होतं. कौसा तिथं गेली, तर जे तिच्या घरातून एकदाचं संपलं होतं ते पुन्हा आत जाणार होतं. त्यानं राजाबाईला सांगितलं.

“गप बसा,” राजाबाई म्हणाली. ती कुणाच्या तरी चादरी पिळत होती. “एक शब्द बोलू नका. आधी पोर उजवू द्या.”

“आक्काला फसवू?”

“फसवू नका. सांगू नका. त्यात फरक हाय.”

“देव बघतोय.”

“देव चार पिढ्या बघतोय. काय केलं त्यानं? बघायचं तर ती डॉक्टरीण बघती, अन्‌ ती पाचोडला जात नाय.”

राजाबाईचं म्हणणं चुकीचं होतं असं मुंजाबाला म्हणता येईना. एका चुकीच्या गोष्टीसाठी त्यानं मोठ्यानं बोलून बहीण तोडली होती. आता बरोबर गोष्टीसाठी गप्प बसून मुलगी नांदवता येत होती. गप्प बसायला तर कष्टही नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच एक काम असं आलं होतं की ते खुर्चीवर बसूनच होणार होतं. तो आठवडाभर बसला. आणि ते काम उभं राहण्यापेक्षा जड आहे असं त्याच्या लक्षात आलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं सेक्रेटरींकडून सुटी घेतली आणि पाचोडची एसटी धरली.

बानाबाई बाजारातून नुकतीच आली होती. भावाला दारात बघून तिनं डोक्यावरची पाटी उतरवली, लोटाभर पाणी दिलं आणि मागचं काहीच झालं नाही अशा थाटात बोलायला लागली. तिथी कधी काढायची, मांडव कुठं घालायचा, आहेर कुणाकुणाला करायचा. मुंजाबानं पाणी पिऊन लोटा खाली ठेवला.

“आक्का, तुझ्यात ते नाय.”

“काय नाय?”

“पायाचं. डॉक्टरीण म्हणली. ते बापाकडून एकाच अंगानं येतं. मला आलं, तुला नाय आलं. तुला नाय म्हणून रामकिसनला बी नाय. तुझ्या घरातून ते गेलं.”

बानाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. “नक्की?”

“करंट लावून बघती म्हणली. पण नाय.”

बानाबाई हळूच भुईवर बसली. तिनं पाय लांब पसरले आणि आपल्या भेगाळलेल्या टाचांकडं असं बघितलं की जणू त्या आत्ताच कुणी आणून दिल्या. “रोज सकाळी उठलं की मी टाचांवर हुबी ऱ्हाऊन बघती,” ती म्हणाली. “न्हाण आलं तवापासून. रामकिसन ल्हान व्हता तवा चिखलात त्याची पावलं उमटली की मी वाकून बघायची, टाच उठली का नाय ते. कुणाला म्हणले नाय. नवऱ्याला बी नाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. मग तिचा हात थांबला. “अन्‌ कौसाच्या पोरांना?”

“निम्म्यांना. आलं तर आलं, नाय तर नाय.”

बाहेर बाजारातून परतणारी माणसं बोलत चालली होती. कुणाचं तरी कोकरू ओरडत होतं.

“कामून सांगितलं रे मुंज्या?” बानाबाई शेवटी म्हणाली. “गप बसला असता तर पोर नांदली असती.”

“माहिताय.”

“आता मला ठावं झालं. मपल्या घरातून गेलेलं मी हातानं आत घेऊ? तूच सांग.”

मुंजाबानं रिकामा लोटा उचलून पुन्हा खाली ठेवला.

“नाय व्हायचं माझ्यानं,” बानाबाई म्हणाली. “पोर लई गुणाची हाय. पर नाय व्हायचं.” तिचा आवाज चढला. “तू नाय म्हणला तवा मी तुला तोडलं. आता मी नाय म्हणती. तोड मला. म्हण काय म्हणायचं ते, चार माणसं बोलवू का?”

“मला नाय जमत आता, आक्का. लई थकलो.”

बानाबाई उठली, चुलीपाशी गेली आणि पिठाचा डबा उघडला. “जेवून जा,” ती म्हणाली. जेवताना त्याला भाकरी मोडता येईना, तेव्हा तिनं त्याची भाकरी कुस्करून दिली. निघताना ती एवढंच म्हणाली की दिवाळीला ती येईल आणि तेव्हाच डॉक्टरणीकडं जाऊन त्या तारा लावून घेईल.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. राजाबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं आणि काहीही न विचारता ती गेटची किल्ली घेऊन कुलूप लावायला गेली. कौसा दुकानातून आली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. आत्या स्वच्छ आहे, रामकिसन स्वच्छ आहे, आत्या नाही म्हणाली, आणि आत्या दिवाळीला येणार आहे. सांगताना ते जसं लागोपाठ घडलं होतं तसंच लागोपाठ बाहेर पडलं, आणि त्यात काही चांगलं आहे की वाईट हे त्यालाच वेगळं काढता आलं नाही.

कौसानं सगळं ऐकून घेतलं.

“अन्‌ रामकिसन काय म्हणला?”

“तो टेम्पोवर व्हता. त्याला कुठं इचारलं कुणी?”

“मला तरी कुठं इचारलं?” कौसा म्हणाली.

कौसानं फळीवरचा मोबाईल घेतला आणि ती पार्किंगमध्ये गेली. राजाबाई कुलूप लावून परत आली, तिनं बाहेर वाकून बघितलं.

“कुणाला लावती फोन ही?”

“लावू दे,” मुंजाबा म्हणाला.